शेरा

काशेवाडी, घर क्रमांक दोनशे चौदा.
लेसरचा लाल ठिपका भिंतीवरून सरकत
घड्याळाच्या काचेवर थांबतो.
तीन मीटर दहा.
मी आकडा सांगतो, वैजनाथ टॅबमध्ये भरतो.
चौदा चौरस मीटर, मोरी धरून.

दाराबाहेरचा कट्टाही माझाच, कौसाबाई खुडे म्हणतात,
भांडी तिथंच घासते मी.
कट्टा धरत नाहीत, बाई.
पोटमाळाही धरत नाहीत.
त्यामुळे वर राहणारा मुलगा, सून
आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून माझ्याकडं टक लावून बघणारी नात
नियमाप्रमाणे
हवेत राहतात.

पुरावे साखरेच्या जुन्या डब्यात.
रेशनकार्ड, घडीवर फाटून चार तुकड्यांचं झालेलं.
लाइटबिलं, सालवार, दोऱ्यानं बांधलेली.
मुलाच्या डोसाचं कार्ड, त्यावर शाईपेननं पत्ता:
'पाण्याच्या टाकीमागे'.
टाकी केव्हाच पाडली, आता तिथं रिक्षा लागतात.
पण कागद अजून टाकीमागंच राहतो,
आणि आमच्या कामात कागद राहतो तिथंच माणूस.

मी ठरलेलं सांगतो:
पात्र ठरलात तर घर मिळेल. सातवा मजला, लिफ्ट, घरात संडास.
कुठं?
फुरसुंगीच्या पुढं, बहुतेक.
'बहुतेक' हा शब्द आम्हाला प्रशिक्षणात शिकवत नाहीत,
तो आपोआप येतो.

संडास घरात असला तर बरंच आहे, त्या म्हणतात,
खोटं कशाला बोलू, इथं पहाटे रांग असते.
पण रास्ता पेठेतल्या दवाखान्यात मी आया आहे, एकवीस वर्षं.
चालत बारा मिनिटं.
रात्री दोनला बाई अडली की सिस्टर फोन करते,
मी चपला घालते आणि निघते.
फुरसुंगीहून निघाले
तर मूल माझ्या आधी पोचायचं.

तुमच्या त्या फॉर्मात अंतराचा रकाना आहे का?

वय आहे. जात आहे. उत्पन्न, दुचाकी, शौचालय
स्वतःचं की सार्वजनिक.
अंतराचा नाही.

समोर, नाल्यापलीकडं, बावीस मजल्यांचा सांगाडा उभा आहे
आणि त्याच्यावर फलक:
'शहराच्या मध्यात. शाळा, दवाखाना, स्टेशन, सगळं हाकेच्या अंतरावर.'
म्हणजे अंतराचा रकाना आहे कुठंतरी.
चौरस फुटामागं किती, तेही छापलंय.

तुम्ही कुठं राहता, साहेब?
वैजनाथ हसतो. त्याला माहीत आहे.
मांजरीत, भाड्यानं, अकरा महिन्यांच्या करारावर.
बारावा महिना कसा काढायचा, ते घरमालक ठरवतो.
जन्म नाना पेठेतला.
दिवसभर पुणं मोजतो
आणि झोपायला पुण्याबाहेर जातो.
हे सगळं मी सांगत नाही, फक्त 'मांजरी' म्हणतो.
त्या मान हलवतात, कीव न करता.
मग तुमच्याकडंही कुणीतरी टेप घेऊन यायला पाहिजे.

अंगठा लावताना त्यांचं बोट उमटत नाही.
दोनदा, तीनदा. डेटॉलनं रेषा झिजल्यात.
चौथ्यांदा पदराला पुसून दाबतात
आणि यंत्र एकदाचं त्यांना ओळखतं.

शेवटचा रकाना: शेरा.
बाराशे घरं झाली, तिथं मी नेहमी एक आडवी रेघ मारतो.
चाळीस अक्षरांची मर्यादा आहे,
आणि शहराचं काय म्हणणं आहे ते चाळीस अक्षरांत मावत नाही.
टॅब वैजनाथच्या हातून घेतो. लिहितो:
'हाकेच्या अंतरावर राहतात.'

असं चालतं का, तो विचारतो.
मला माहीत नाही.
पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं, रेंज नाही,
शेरा गेला की इथंच अडकला, कळत नाही.
दोनशे पंधराचं दार उघडंच आहे.
आतून कुणीतरी म्हणतं, चपला राहू द्या, या,
आणि लाल ठिपका
उंबऱ्यावर.